मेंढीचा वंश आणि विषाणूचा अटकाव : जनुकीय खुणांच्या आधारे पैदास

पशुधनाच्या सांसर्गिक रोगांशी झगडण्याचे तीन मार्ग सर्वपरिचित आहेत. आजारी जनावरावर औषधोपचार करावा, निरोगी जनावरास लस टोचावी आणि या दोहोंचा उपयोग होत नसेल तर बाधित जनावरे कळपातून काढून टाकावीत. पहिले दोन मार्ग पशुपालक आनंदाने स्वीकारतो. तिसरा मात्र त्याच्या जिवावर येतो. मेंढपाळाच्या दृष्टीने कळप हेच त्याचे शेत आणि हीच त्याची शिल्लक. मेंढ्या पुन्हा विकत घेता येतात. परंतु त्या रानाला, त्या हवेला आणि त्या वाटचालीला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला वंश एकदा गेला की तो बाजारात मिळत नाही.

या तीन मार्गांच्या जोडीला अलीकडच्या काळात चौथा मार्ग उपलब्ध झाला आहे. एकाच कळपात, एकाच वाड्यात राहूनही काही मेंढ्या रोगाला बळी पडतात आणि काही पडत नाहीत, हा मेंढपाळांचा जुना अनुभव आहे. या फरकाचे मूळ काही अंशी आनुवंशिक असते. ते मूळ नेमके कोठे आहे हे रक्ताच्या चाचणीवरून ओळखता आले, तर सहजासहजी बळी न पडणारे नर निवडून कळपाचा वंशच हळूहळू बदलता येईल. मेंढ्यांच्या एका असाध्य विषाणुजन्य रोगाबाबत असे प्रयत्न प्रत्यक्षात झाले आहेत. तो रोग म्हणजे मायदी-व्हिस्ना. त्याची हकीकत आइसलँडमध्ये सुरू होते, अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात तिला कलाटणी मिळते आणि तिच्यातून निघणारा बोध मेंढीपालन करणाऱ्या कोणत्याही प्रदेशास उपयोगी पडावा असा आहे.

आइसलँडचा धडा

आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातील बेट होय. तेथील मेंढ्यांचा वंश सुमारे अकराशे वर्षांपूर्वी वसाहत करण्यास आलेल्या लोकांनी बरोबर आणला. पुढील काळात बाहेरच्या मेंढ्यांशी त्याचा संबंध फारच थोडा आला. १९३३ मध्ये जर्मनीतील हाले येथून काराकुल जातीच्या २० मेंढ्या या बेटावर आणण्यात आल्या. काराकुल कोकरांच्या कुरळ्या कातड्यास त्या काळी चांगली किंमत येत असे. सावधगिरी म्हणून या मेंढ्या दोन महिने विलग ठेवण्यात आल्या. त्यांच्यात आजाराचे कोणतेही लक्षण दिसले नाही. तेव्हा त्या १४ शेतांवर वाटून देण्यात आल्या.

रोग ओळखला गेला तो १९३९ मध्ये, म्हणजे तब्बल सहा वर्षांनी. वयात आलेल्या मेंढ्या खंगू लागल्या, चालताना त्यांना धाप लागू लागली आणि काही महिन्यांत त्या मरू लागल्या. आइसलँडच्या भाषेत ‘मायदी’ म्हणजे धाप. याच रोगाचे दुसरे रूप मज्जासंस्थेवर हल्ला करणारे होते. त्यात मेंढीचे मागचे पाय लुळे पडत आणि ती झिजत जाई. त्याला ‘व्हिस्ना’, म्हणजे झीज, असे नाव मिळाले. उन्हाळ्यात सामाईक डोंगरी कुरणांत चरणाऱ्या मेंढ्या शरद ऋतूत एकत्र हाकून आणावयाच्या आणि हिवाळाभर बंदिस्त गोठ्यात दाटीने ठेवावयाच्या, अशी तेथील रीत. ती रोगाच्या पथ्यावरच पडली.

औषध नव्हते, लस नव्हती. अखेर सरकारने कठोर उपाय योजला. देशाचे विभाग पाडून त्यांच्यामध्ये लांबच लांब कुंपणे घालण्यात आली. १९४४ पासून बाधित विभागांतील सर्व मेंढ्या, आजारी आणि निरोगी असा भेद न करता, मारण्यात आल्या. ते विभाग काही काळ मेंढ्यांविना ठेवून नंतर रोगमुक्त भागांतील कोकरे तेथे नेण्यात आली. हे काम १९६५ पर्यंत चालले. रोगाने एक लाखाहून अधिक मेंढ्या मेल्या; रोग हटविण्यासाठी मारलेल्या मेंढ्यांची संख्या सहा लाखांहून अधिक होती. रोगाचे निर्मूलन झाले, हे खरे. परंतु रोगापेक्षा उपायाने घेतलेले बळी कितीतरी अधिक होते, हेही तितकेच खरे.

त्या धामधुमीतही एक गोष्ट जाणत्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. शुद्ध आइसलँडी मेंढ्यांच्या मानाने बॉर्डर लेस्टर या ब्रिटिश जातीशी झालेल्या संकरातील मेंढ्या या रोगाने कमी प्रमाणात मरत असत. वंश आणि रोग यांचा काही संबंध असावा, ही शंका तेव्हाच आली होती. तो संबंध शोधण्याचे साधन मात्र त्या काळी उपलब्ध नव्हते.

संथ विषाणूची रीत

आइसलँडमधील केल्दूर येथील संशोधन संस्थेचे ब्यॉर्न सिगुर्दसॉन यांनी या रोगाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९५४ मध्ये लंडन येथील व्याख्यानांतून ‘संथ संसर्ग’ ही कल्पना मांडली. साथीचा रोग म्हणजे आज लागण आणि आठवड्यात निकाल, या समजुतीला त्यांनी छेद दिला. लागण झाल्यावर वर्षानुवर्षे जनावर धडधाकट दिसते. मात्र आत विषाणूचे काम चालूच असते. या गटातील विषाणूंना पुढे ‘संथ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून लेंटिव्हायरस हे नाव मिळाले. माणसात एड्स हा रोग उत्पन्न करणारा, १९८३ मध्ये सापडलेला विषाणूही याच गटातील आहे.

हा विषाणू रक्तातील आणि उतींतील संरक्षक पेशींतच ठाण मांडतो. विशिष्ट पांढऱ्या पेशींत शिरून तो आपली आनुवंशिक माहिती त्यांच्या जनुकद्रव्यात मिसळतो. त्यामुळे एकदा लागण झालेली मेंढी जन्मभर बाधित राहते. आईच्या चिकातून आणि दुधातून कोकरास, तसेच दाटीच्या जागी श्वासावाटे एका मेंढीकडून दुसरीस लागण होते. लक्षणे बहुधा दोन वर्षांनंतर दिसतात : खंगत जाणे, धाप, सांधे सुजून लंगडणे आणि कास दगडासारखी कठीण होऊन दूध आटणे. कास आटली की कोकरे उपाशी राहतात आणि त्यांची वाढ खुंटते. अशा रीतीने मेंढी मरण्यापूर्वीच मेंढपाळाचे नुकसान सुरू झालेले असते.

अमेरिकेत हा रोग मेंढ्यांचा वाढता फुप्फुसदाह या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. रक्ताची चाचणी करून बाधित मेंढ्या वेगळ्या करणे आणि कोकरांना जन्मताच आईपासून दूर करून बाहेरच्या दुधावर वाढविणे, हे त्यावरील रूढ उपाय आहेत. दोन्ही उपाय खर्चाचे आणि कष्टाचे आहेत. शिवाय स्वच्छ केलेल्या कळपात एखादी बाधित मेंढी शिरली की सारे श्रम वाया जातात. म्हणूनच मेंढीच्या अंगभूत प्रतिकाराकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले.

जनुकीय खूण म्हणजे काय

मेंढीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २७ जोड्या, म्हणजे ५४ गुणसूत्रे असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि एक बापाकडून आलेले असते. गुणसूत्रातील डीएनए हा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला प्रदीर्घ मजकूर आहे, असे समजण्यास हरकत नाही. दोन मेंढ्यांचा हा मजकूर ताडून पाहिला तर तो बहुतांशी सारखाच आढळतो; परंतु काही ठरावीक जागी एखादे अक्षर बदललेले असते. अशा बदलत्या अक्षराच्या जागेस जनुकीय खूण म्हणतात.

शेताच्या हद्दीवरील दगड जमिनीचा कस ठरवीत नाही. तो केवळ जागा दाखवितो. जनुकीय खुणेचेही तसेच आहे. बहुतेक खुणा स्वतः कोणताही गुण घडवीत नाहीत. मात्र त्यांच्या शेजारी असलेले जनुक त्यांच्याबरोबरच पुढील पिढीत जाते. म्हणून एखादी खूण बाधित मेंढ्यांत वारंवार आणि निरोगी मेंढ्यांत क्वचितच आढळली, तर रोगाशी संबंधित जनुक तिच्या आसपास असावे असा तर्क करता येतो. कधी कधी असा शोध घेताना गुण घडविणारा नेमका बदलच हाती लागतो, आणि मग तीच सर्वांत विश्वासार्ह खूण ठरते.

नेब्रास्कातील शोध

अमेरिकेच्या कृषी खात्याचे मांसोत्पादक पशूंविषयीचे संशोधन केंद्र नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर या गावी आहे. तेथील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी मायदी-व्हिस्नाविषयीचे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. या संशोधनाची आखणी शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावी अशी आहे.

नैसर्गिकरीत्या रोगाच्या सान्निध्यात राहिलेल्या, पाच वर्षांहून अधिक वयाच्या ७३६ मेंढ्या प्रथम निवडण्यात आल्या. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर ज्या मेंढीला लागण झाली नाही, ती केवळ नशिबाने वाचली असण्याचा संभव कमी, हा या निवडीमागील विचार. त्यांतून शक्य तितक्या सारख्या मेंढ्यांच्या ६९ जोड्या जुळविण्यात आल्या. प्रत्येक जोडीत एक मेंढी बाधित आणि दुसरी निरोगी होती. मग प्रत्येक मेंढीच्या डीएनएवरील ५०,६१४ खुणा तपासण्यात आल्या.

इतक्या खुणा एकाच वेळी तपासल्या की योगायोगाचा धोका वाढतो. वीसांत एक चूक चालेल असा नेहमीचा निकष लावला, तर ५०,६१४ खुणांपैकी सुमारे अडीच हजार खुणा रोगाशी कोणताही संबंध नसताना संबंधित भासतील. म्हणून अशा अभ्यासात निकष अत्यंत कडक ठेवावा लागतो. त्या कडक निकषावर एकच खूण उतरली. ती टीएमईएम १५४ या नावाच्या जनुकात होती.

जनुक हे प्रथिन तयार करण्याची कृती असते आणि प्रथिन हे अमिनो आम्लांची माळ असते. टीएमईएम १५४ या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीच्या आवरणात बसते आणि त्याचा काही भाग पेशीच्या बाहेर असतो. या माळेतील ३५ व्या जागी काही मेंढ्यांत ग्लुटामेट हे अमिनो आम्ल असते, तर काहींत लायसीन. पहिल्यावर ऋण विद्युत्‌भार असतो, दुसऱ्यावर धन. माळेतील हा एकच मणी बदलल्याने लागणीच्या संभवात मोठा फरक पडतो, असे दिसून आले. ज्या मेंढीत ग्लुटामेट असलेल्या पूर्ण प्रथिनाची प्रत होती तिला लागण होण्याची जोखीम अधिक. दोन्ही प्रती लायसीनच्या असलेल्या मेंढीला ती बरीच कमी.

आणखी एक गोष्ट बोलकी होती. थोड्या मेंढ्यांत या जनुकाच्या दोन्ही प्रती खंडित होत्या, म्हणजे पूर्ण प्रथिन तयारच होत नव्हते. अशा काही मेंढ्या आयुष्यभर बाधित कळपात राहूनही रोगमुक्त राहिल्या. विषाणूच्या लागणीत या प्रथिनाचा महत्त्वाचा वाटा असावा, या अनुमानास त्यामुळे पुष्टी मिळाली.

आकड्यांचा अर्थ

हा निष्कर्ष इतर मेंढ्यांवर पडताळून पाहण्यात आला. निरनिराळ्या जातींच्या, चार वर्षे वयाच्या मेंढ्यांच्या ६१ जोड्यांत जोखमीची एक प्रत असलेल्या मेंढीबाबत लागण होणे आणि न होणे यांचे गुणोत्तर, तशी प्रत नसलेल्या मेंढीच्या मानाने २८ पट आढळले. मात्र जोड्यांची संख्या थोडी असल्यामुळे या अंदाजाची व्याप्ती ५ पटींपासून १,१०० पटींपर्यंत पसरलेली होती. नेब्रास्का, आयडाहो आणि आयोवा या तीन राज्यांतील नऊ समूहांमधील २,७०५ मेंढ्यांचा एकत्र विचार केला तेव्हा लागणीची जोखीम २.८५ पट अधिक आढळली.

दोन आकड्यांतील हे अंतर पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. पहिला आकडा गुणोत्तरांचा आहे, दुसरा थेट जोखमीचा; पहिला काळजीपूर्वक जुळविलेल्या जोड्यांतून आला, दुसरा निरनिराळ्या परिस्थितींतील मोठ्या समूहातून. दोन्हींची दिशा एकच आहे. तथापि कळपाचे नियोजन करणाऱ्याने मोठा आकडा पाहून हुरळून जाण्यापेक्षा मोठ्या समूहातून आलेला आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, हेच श्रेयस्कर. प्रतिकारक्षम मेंढीस लागण कधीच होत नाही, असे हे संशोधन म्हणत नाही. तिला लागण होण्याचा संभव कमी असतो, एवढेच ते सांगते.

पैदाशीचे गणित

या शोधाचा कळपात उपयोग कसा होतो ते पाहू. प्रत्येक मेंढीकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्यांपैकी एक ती कोकरास देते. जोखमीची एक प्रत असली तरी मेंढी जोखमीच्या गटात मोडते. म्हणून दोन्ही प्रती संरक्षक असलेली कोकरे मिळविणे हे उद्दिष्ट ठेवावे लागते.

एखाद्या कळपातील सर्व मेंढ्यांच्या दोन्ही प्रती जोखमीच्या आहेत असे समजू. त्यांना दोन्ही प्रती संरक्षक असलेला नर दाखविला, तर पहिल्या पिढीतील प्रत्येक कोकराकडे एक प्रत संरक्षक आणि एक जोखमीची येईल. याचाच अर्थ पहिल्या पिढीत लाभ दिसणार नाही. येथेच अनेकांचा धीर सुटण्याचा संभव असतो. या पिढीतील माद्यांना तशाच, पण दुसऱ्या घराण्यातील नराकडून फळविले की दुसऱ्या पिढीत सरासरीने १०० कोकरांपैकी ५० कोकरांच्या दोन्ही प्रती संरक्षक असतील. दुसऱ्या पिढीतील माद्यांची चाचणी न करता सर्व माद्या ठेवल्या, तरी तिसऱ्या पिढीत हे प्रमाण १०० पैकी ७५ होईल. चाचणी करून केवळ संरक्षक माद्या ठेवल्या, तर तिसऱ्या पिढीतील सर्व कोकरे अपेक्षित गुणाची असतील. एका पिढीस साधारण दोन वर्षे धरली, तर हा पल्ला पाच-सहा वर्षांचा आहे. मूळ कळपात काही संरक्षक प्रती आधीच असतील तर तो आणखी लवकर गाठता येतो.

या गणितात नराचे महत्त्व उघड आहे. एक मेंढी वर्षाला एक-दोन कोकरे देते. एक नर एका हंगामात तीस-चाळीस मेंढ्या फळवितो. शंभर मेंढ्यांच्या कळपास तीन-चार नर पुरतात. सर्व कळपाची चाचणी परवडत नसेल, तर केवळ या तीन-चार नरांची चाचणी केली तरी वंशाची दिशा बदलू लागते. रक्ताचा एक थेंब किंवा कानाच्या कातडीचा लहानसा तुकडा चाचणीस पुरेसा असतो. कोकरू जन्मल्याबरोबर त्याचा निकाल मिळू शकतो. रोगाची लक्षणे दिसेपर्यंत थांबावे लागत नाही.

खुणेच्या मर्यादा

हे सर्व वाचून खूण सापडली की रोग संपला असा समज होईल, तर तो घातक ठरेल. पहिली अडचण विषाणूच्या बाजूने येते. विषाणूही बदलतो. २०१३ मध्ये अमेरिकेतच झालेल्या अभ्यासात असे आढळून आले की या विषाणूचे वेगवेगळे उपगट असून त्यांपैकी काही उपगट दोन्ही प्रती संरक्षक असलेल्या मेंढ्यांतच आढळण्याकडे झुकलेले असतात. कुलूप बदलले की नवी किल्ली घडविणारा चोर निघावा, तसाच हा प्रकार आहे. म्हणून प्रतिकारक्षम वंश निर्माण करतानाही रक्ताची तपासणी, बाधितांचे विलगीकरण आणि बाहेरून येणाऱ्या जनावरांवरील निर्बंध चालूच ठेवावे लागतात.

दुसरा धडा स्क्रेपी या मेंढ्यांच्या मेंदूच्या रोगाने दिला. त्याचे कारण विषाणू नसून प्रिऑन नावाचे विकृत प्रथिन आहे. परंतु जनुकीय खुणेच्या आधारे पैदाशीचा सर्वांत मोठा प्रयोग याच रोगाबाबत झाला. ब्रिटनने २००१ मध्ये राष्ट्रीय योजना सुरू करून नरांची चाचणी केली आणि प्रतिकारक्षम नरांचा प्रसार केला. जुन्या, परिचित स्क्रेपीविरुद्ध ही खूण प्रभावी ठरली. मात्र नॉर्वेत १९९८ मध्ये याच रोगाचा एक वेगळा प्रकार सापडला आणि तो प्रतिकारक्षम समजल्या जाणाऱ्या मेंढ्यांतही आढळला. एका शत्रूविरुद्धची ढाल दुसऱ्या शत्रूविरुद्ध उपयोगी पडेलच असे नाही.

तिसरी मर्यादा माणसाच्या घाईतून निर्माण होते. एकाच खुणेच्या मागे लागून मोजक्याच नरांचा वापर केला, तर कळपात नात्यातील संयोग वाढतात, कोकरे दुबळी निपजतात आणि वंशातील विविधता घटते. दूध, वाढ, पायांचा कणखरपणा, दुष्काळात तग धरण्याची ताकद या गुणांकडे दुर्लक्ष करून केवळ एक अक्षर पाहणे म्हणजे एका रोगापासून वाचून दहा अडचणी ओढवून घेणे होय. शिवाय खुणेचा प्रभाव एका जातीत आणि एका प्रदेशात सिद्ध झाला म्हणून तो दुसरीकडे गृहीत धरता येत नाही. त्या जातीत ती खूण किती प्रमाणात आहे आणि स्थानिक विषाणूपुढे ती टिकते का, हे तेथेच तपासावे लागते.

फलटणचा अनुभव

जनुकीय खुणेच्या आधारे मेंढ्यांची पैदास महाराष्ट्रास अपरिचित नाही. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे काम प्रत्यक्ष करून दाखविले आहे. तेथील उद्देश रोगप्रतिकार नसून कोकरांची संख्या वाढविणे हा होता. परंतु पद्धती तीच.

दख्खनी मेंढीला बहुधा एका वेळी एकच कोकरू होते. पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ ही मेंढी अंगाने लहान. परंतु तिला जुळी-तिळी होणे नेहमीचेच. या गुणास कारणीभूत असलेला जनुकातील बदल २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढला. तो बदल फेक-बी या नावाने ओळखला जातो. फलटण येथे गरोळचा दख्खनीशी संकर करून, पुढील पिढ्या पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवून, गरोळचे हे एक जनुक घ्यावयाचे आणि दख्खनीचा बांधा कायम राखावयाचा, असा क्रम अवलंबिण्यात आला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांचे सहकार्य या कामी लाभले. त्यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला.

डीएनए चाचणी येण्यापूर्वी नराकडे हे जनुक आहे की नाही, हे त्याच्या मुली वयात येऊन व्याल्यावरच कळत असे. नर स्वतः कधी वीत नाही. त्याच्याकडील हा गुण डोळ्यांना दिसणे शक्यच नव्हते. चाचणीमुळे ही अनेक वर्षांची प्रतीक्षा संपली. रोगप्रतिकार हाही असाच न दिसणारा गुण आहे. नुसते धडधाकट शरीर पाहून तो ओळखता येत नाही, हे आइसलँडमध्ये उतरविलेल्या त्या २० काराकुल मेंढ्यांनी पुरेसे सिद्ध केले आहे. फलटणच्या कामातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. जुळी कोकरे वाढवावयाची तर मेंढीला अधिक चारा आणि कोकरांना अधिक निगा लागते. जनुक संधी देते. तिचे सोने करणे हे संगोपनावर अवलंबून असते.

लस आणि वंश यांची जोड

महाराष्ट्रातील मेंढपाळास सतावणारे विषाणुजन्य रोग निराळे आहेत. मेंढ्यांची देवी, पीपीआर आणि नीलजिव्हा हे त्यांपैकी प्रमुख होत. नीलजिव्हा रोगाची भारतातील पहिली नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातच झाली. पीपीआर हा रोग भारतात प्रथम १९८७ मध्ये तामिळनाडूत आढळला. हे रोग संथ नाहीत. ते थोड्या दिवसांत कळपावर झडप घालतात.

यांपैकी पीपीआर आणि देवी यांवर परिणामकारक लसी उपलब्ध आहेत. भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झालेली पीपीआरची लस एका टोचणीत अनेक वर्षे संरक्षण देते. जगातून हा रोग २०३० पर्यंत नाहीसा करण्याचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय संघटनांनी ठेवले आहे; गुरांच्या बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली, हे उदाहरण त्यांच्यासमोर आहे. जेथे लस आहे तेथे लसीकरण हाच पहिला मार्ग. जनुकीय संशोधनाचे नाव पुढे करून लसीकरणात कुचराई करणे सर्वथा चुकीचे ठरेल.

नीलजिव्हेची स्थिती थोडी निराळी आहे. हा रोग बारीक चावऱ्या चिलटांमार्फत पसरतो आणि त्याच्या विषाणूचे दोन डझनांहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धची लस दुसऱ्या प्रकाराविरुद्ध पुरेशी ठरत नाही. म्हणून अनेक प्रकारांची एकत्रित लस वापरावी लागते. अशा रोगांत, तसेच लस मुळीच नसलेल्या रोगांत, अंगभूत प्रतिकाराचा अभ्यास अधिक मोलाचा आहे. एकाच रानात चरलेल्या आणि एकाच साथीत सापडलेल्या मेंढ्यांपैकी कोणत्या वाचल्या, कोणत्या आजारी पडल्या, त्या कोणत्या नराच्या होत्या, ही माहिती त्या अभ्यासाचा पाया असते.

नोंदवहीचे महत्त्व

नेब्रास्कातील संशोधनाचे बळ यंत्रांत होते तितकेच नोंदींत होते. प्रत्येक मेंढीचे वय, जात, कळप आणि लागण यांची विश्वसनीय नोंद नसती, तर त्या ६९ जोड्या जुळविताच आल्या नसत्या आणि पन्नास हजार खुणा तपासूनही हाती काही लागले नसते. कानातील बिल्ला, जन्मतारीख, आई-बापाचा क्रमांक, लसीकरणाची तारीख, आजार आणि मृत्यूचे कारण एवढ्या नोंदी ठेवण्यास प्रयोगशाळा लागत नाही. फिरत्या कळपांच्या बाबतीत हे काम अवघड असले तरी पैदाशीच्या नरांपुरती नोंद ठेवणे आवाक्यातील आहे. गावात बाहेरून नर आणताना तो कोणत्या कळपातील, त्याची कोणती तपासणी झाली, ही विचारणा ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांनी मिळून करावी. शाळेतील विज्ञानाच्या तासाला मेंडेलच्या वाटाण्यांबरोबरच तीन पिढ्यांच्या कोकरांचे वरील गणित मांडले, तर धनगरवाड्यातील विद्यार्थ्यास आनुवंशिकता आपल्या घरचीच वाटेल.

ज्या आइसलँडने मायदीसाठी लाखो मेंढ्या मारल्या, तेथे स्क्रेपीविरुद्धही अनेक दशके कळपच्या कळप मारले जात होते. हा रोग तेथे १८७८ मध्ये आयात केलेल्या एका मेंढ्याबरोबर आला, असे मानले जाते. २०२२ च्या जानेवारीत तेथील एका शेतावरील काही मेंढ्यांत स्क्रेपीविरुद्धची प्रतिकारक खूण सापडली. त्या मेंढ्या परदेशातून आणलेल्या नव्हत्या. त्या आइसलँडच्या जुन्या वंशातीलच होत्या. तेव्हापासून त्यांच्या वंशातील नरांचा कृत्रिम रेतनाद्वारे प्रसार सुरू झाला आणि कत्तलीच्या धोरणाला पैदाशीच्या धोरणाची जोड मिळाली. शोधीत असलेले जनुक कित्येक वर्षे देशातीलच एका कळपात चरत होते. त्या शेतावरच्या मेंढ्या पूर्वीच्या एखाद्या मोहिमेत सापडल्या असत्या, तर ते त्यांच्याबरोबरच नाहीसे झाले असते. देशी वंश जपण्यासाठी याहून सबळ कारण शोधण्याची आवश्यकता नाही.